अंगठा घेणा नाय

"काका, जरा दाबून ठेवा की."

दाबून ठेवला. काचेखाली उजेड लागला, क्षणभर थांबला आणि गेला. मुलीने स्क्रीनकडे बघून मान हलवली. मग दुसरा अंगठा. मग तर्जनी, मधलं बोट, शेवटी करंगळ्यासुद्धा. माझ्या मागच्या आजींनी पदराचं टोक पुढे केलं, "ह्येनं पूस बाबा, घाम आला आसंल." पुसलं. यंत्राला त्याचंही कौतुक नव्हतं.

२०२४ चा सप्टेंबर. कोल्हापूरच्या एका रुग्णालयात माझी केमोची चौथी फेरी होती. पहाटे कणकवलीहून निघून, फोंडा घाट चढून, राधानगरीत चहा घेऊन आम्ही नऊच्या ठोक्याला काउंटरवर हजर. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत माझे उपचार चालले होते. दर फेरीला भरती करून घेताना अंगठा, संध्याकाळी सोडताना पुन्हा अंगठा, असा तिथला रिवाज. पहिल्या दोन फेऱ्यांना अंगठा एका दमात लागला. तिसऱ्या वेळी चार-पाचदा ठेवावा लागला, तेव्हा मला वाटलं यंत्र जुनं झालं. चौथ्या वेळी कळलं, यंत्र ठीक होतं.

आरोग्यमित्र म्हणून बसणारी ती मुलगी भली होती. तीन फेऱ्यांत तिने मला नावानिशी ओळखायला सुरुवात केली होती, आमच्या हिला "काकू, घाटात पाऊस हाय काय?" असं विचारायची. पण तिने मला ओळखून काय उपयोग? कागद पुढे सरकायला हवी होती काचेची ओळख.

"मग ओटीपीनं करूया. आधारला कुठला मोबाईल हाय?"

आधारला होता २०१२ मधला नंबर. तो कधीच बंद पडला होता. आता तो कुणाच्या खिशात वाजत असेल देव जाणे.

इथे जरा मागे जातो. मी निवृत्त प्राथमिक शिक्षक. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात शौचातून रक्त जायला लागलं. मूळव्याध असेल म्हणून दोन महिने गावठी औषधं केली, ती करायला नको होती. दुर्बिणीतून तपासल्यावर मोठ्या आतड्यात गाठ निघाली. जूनमध्ये शस्त्रक्रिया झाली आणि जुलैपासून आठ फेऱ्या ठरल्या. प्रत्येक फेरीच्या पहिल्या दिवशी ऑक्झालिप्लॅटिनची सलाईन, तीच संध्याकाळ धरून चौदा दिवस कॅपेसिटाबिनच्या गोळ्या, मग सात दिवस सुट्टी. पाचशे मिलिग्रॅमच्या तीन गोळ्या सकाळी जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत, तीन रात्री. हिने भिंतीवरच्या कालनिर्णयावर गोळ्यांचे दिवस लाल पेनाने आणि सुट्टीचे निळ्याने रंगवले होते.

सलाईनचा त्रास वेगळाच. थंड काही शिवलं की बोटांत वीज शिरल्यासारखं होई. सकाळी पितळेचा तांब्या उचलायला गेलो तर हातातून सुटला. फ्रिजमधली सोलकढी बंद. कोकणी माणसाला भर उकाड्यात कोमट सोलकढी द्यायची, ही शिक्षा कुठल्या कलमाखाली बसते ते वकिलांनी सांगावं.

गोळ्यांचा त्रास मात्र चोरपावलांनी आला. दुसऱ्या फेरीनंतर तळहात लालसर झाले, चरचरायला लागले. मग कातडी चमकदार, ताणल्यासारखी झाली आणि पापुद्रे सुटू लागले. हिने घरचं भिरंडेल काढलं. टाचांना पडलेल्या भेगांवर आमच्याकडे कोकमाच्या बियांचं हे तेलच चोळतात. डॉक्टरांनी युरिया असलेलं मलम दिलं होतं, ते मी दुपारी लावायचो. रात्री भिरंडेल. चतुर्थीला आरतीत टाळ धरवले नाहीत, टाळ्यासुद्धा वाजवल्या नाहीत, नुसता "देवे"ला उभा राहिलो. पण या सगळ्यात बोटांच्या शेंड्यांवरच्या रेषा गेल्यात हे ना मला दिसलं, ना हिला. आपल्या अंगठ्याच्या रेषा रोज बघतो कोण?

तर सप्टेंबरातल्या त्या दिवशी बारा वाजले तरी मी काउंटरवरच. शेवटी मुलीने वरच्या मजल्यावर फोन लावला. तिथून निरोप आला, डॉक्टरांची चिठ्ठी, अधीक्षकांची सही आणि रुग्णाचा खाटेवरचा फोटो जोडा, मग मंजुरी बघू. डॉक्टर होते शस्त्रक्रियेच्या खोलीत. चिठ्ठी मिळाली साडेतीनला, अधीक्षक सापडले पाचला, मंजुरी आली तेव्हा सलाईन लावणारी खोली बंद झाली होती. ती रात्र आम्ही स्टँडजवळच्या लॉजवर काढली. खाट माझी, चटई हिची, आणि मध्ये डासांची वर्दळ. दुसऱ्या दिवशी सलाईन लागली.

डॉक्टरांनी माझे दोन्ही तळवे खिडकीजवळ नेऊन बघितले. मग म्हणाले, "गुरुजी, चूक माझी. हे आधी सांगायला हवं होतं."

हे वाक्य मी डॉक्टरांच्या तोंडून आयुष्यात दुसऱ्यांदा ऐकलं. पहिल्यांदा बोलले होते ते गुरांचे डॉक्टर.

त्यांनी समजावलं ते असं. कॅपेसिटाबिन शरीरात गेल्यावर तिचं फ्लुरोयुरासिल बनतं. ते भराभर वाढणाऱ्या पेशींवर तुटून पडतं. कर्करोगाच्या पेशी तशाच, पण तळहात-तळपायांच्या कातडीलाही त्याचा मार बसतो. याला हात-पाय सिंड्रोम म्हणतात आणि या गोळ्यांवरच्या बऱ्याच रुग्णांना तो कमी-जास्त होतो. रेषा मात्र कायमच्या जात नाहीत. आपण आईच्या पोटात असताना चौथ्या महिन्याच्या आसपासच त्यांची नक्षी ठरते आणि तिचं मूळ कातडीच्या आतल्या थरात असतं. वरचा थर झडला तरी औषध थांबल्यावर नवी कातडी तीच नक्षी घेऊन वर येते.

मग त्यांनी सिंगापूरच्या गृहस्थांची गोष्ट सांगितली. बासष्ट वर्षांचे, नाकामागच्या घशाचा कर्करोग, त्यासाठी हीच गोळी चालू. २००८ च्या डिसेंबरात नातेवाइकांना भेटायला अमेरिकेत गेले, तर विमानतळावर बोटांचे ठसेच उमटेनात. चार तास अडकवून ठेवलं. त्यांच्या डॉक्टरांनी पुढच्या वर्षी हे वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं आणि सुचवलं की अशा रुग्णांनी प्रवासात डॉक्टरांचं पत्र जवळ ठेवावं. २००९ साली छापून आलेली गोष्ट. २०२४ साली कोल्हापुरात मला कुणी पत्र दिलं नव्हतं, आणि मी तर अमेरिकेला नाही, आपल्याच खाटेवर चाललो होतो.

रॉटरडॅमच्या डॉक्टरांनी तर रुग्णांच्या बोटांचे ठसे उपचाराआधी आणि नंतर घेऊन रीतसर अभ्यास केला, तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. कॅपेसिटाबिन घेणाऱ्यांपैकी सुमारे चौदा टक्क्यांचे ठसे फारच बिघडले होते. मला त्यातली खरी मजेची गोष्ट वाटली ती ही, की हाताची कातडी किती सोलली याचा आणि ठसे किती बिघडले याचा मेळ बसला नाही. म्हणजे ज्याचे तळवे चांगले दिसतात त्याचाही अंगठा लागणार नाही, असं होऊ शकतं. अशा माणसाने काउंटरवर काय दाखवायचं? माझ्याकडे निदान पापुद्रे तरी होते.

हाताला लावायला डॉक्टरांनी डायक्लोफिनॅकचं जेल दिलं, तेच आपण गुडघा दुखला की चोळतो ते. दिल्लीच्या एम्समध्ये त्याची चाचणी झाली होती. २६४ रुग्णांपैकी ज्यांना हे जेल मिळालं त्यांच्यात मध्यम किंवा तीव्र त्रास ३.८ टक्क्यांना झाला, नुसत्या साध्या जेलवाल्यांत १५ टक्क्यांना. पण त्यांनी प्रामाणिकपणे हेही सांगितलं, "ती चाचणी गोळ्या सुरू करतानाच जेल लावायची होती. तुम्ही उशीर केलाय. तरी लावा." लावलं. चरचर कमी झाली. जेलने, मलमाने की भिरंडेलाने ते कळायला मार्ग नाही. हिचं मत विचाराल तर भिरंडेलाने.

घरी आल्यावर पहिलं काम, आधारला चालू मोबाईल जोडणं. आमचे पोस्टमन ही सेवा घरी येऊन देतात, पोस्ट पेमेंट्स बँकेमार्फत. ते सायकल टेकवून पडवीत बसले, पिशवीतून काडेपेटीएवढं यंत्र काढलं, मोबाईलला जोडलं.

"गुरुजी, अंगठो ठेवा."

मी बघतच राहिलो. अंगठा लागत नाही म्हणून मोबाईल जोडायचा, आणि मोबाईल जोडायला अंगठा!

तरी ठेवला. पोस्टमनने यंत्र सदऱ्याला पुसलं, माझा अंगठा पुसला, जागा बदलली, उन्हात धरून बघितला. शेवटी हताश होऊन म्हणाले, "घेणा नाय. तुमका मी ओळखतंय, सगळो गाव ओळखता, पन ह्या मशीन ओळखणा नाय." बातमी तासाभरात वाडीत पसरली. दुसऱ्या दिवशी दुकानावर एकाने विचारलंच, "गुरुजी, तुमचो अंगठो खंय गेलो?"

यातून बाहेर काढलं कणकवलीच्या आधार केंद्रातल्या मुलाने. आधार काढताना दहा बोटांबरोबर दोन्ही डोळ्यांची बुबुळं आणि चेहराही घेतलेला असतो, हे मी विसरलो होतो. खरं तर मला विसरायचा अधिकार नव्हता, कारण २०१२ चं ते शिबिर माझ्याच शाळेत भरलं होतं. भातलावणी करून आलेल्या बायांचे हात मीच ओल्या फडक्याने पुसून देत होतो. त्या मुलाने दुर्बिणीसारखं दोन भिंगांचं यंत्र माझ्या डोळ्यांना लावलं. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, म्हणून मी धास्तावलो होतो. दुसऱ्या खेपेला जुळलं. नवा नंबर नोंदवला गेला. पाच मिनिटांचं काम. मग मी विचारलं, की अंगठा लागत नसेल तर डोळे वापरा हे कोल्हापुरात कुणी का नाही सांगितलं? तो म्हणाला, "त्यांच्याकडे डोळ्यांचं मशीनच नसेल." नव्हतंच. पुढच्या फेरीला मी मुद्दाम विचारून आलो.

अंगठा जुळला नाही म्हणून कुणाला लाभ नाकारू नये, दुसऱ्या मार्गाने ओळख पटवावी, असं आधारच्या नियमांत आहेच. नियम भिंतीवर असतो, यंत्र टेबलावर असतं. रांगेत उभ्या माणसाला टेबलच दिसतं.

पाचव्या फेरीपासून ओटीपीवर काम चाललं. सहाव्या वेळी, ऐन दिवाळीच्या तोंडावर, रुग्णालयात मोबाईलला रेंजच नव्हती, तेव्हा आरोग्यमित्र मुलीने चेहऱ्याचं अॅप उघडलं. "काका, गोलात बघा आणि डोळे मिचकवा." मी अकरा किलोंनी उतरलो होतो, मिशी काढली होती. २०१२ च्या फोटोतला गुरुजी म्हणजे माझा धाकटा, खाऊन-पिऊन सुखी भाऊ. तिने मला खिडकीकडे तोंड करून बसवलं, टोपी काढायला लावली आणि तिसऱ्या मिचकावण्याला हिरवी खूण आली. ती एवढी खूश झाली की मला वाटलं आता आजारच बरा झाला म्हणून सांगते की काय.

त्याच दिवशी शेजारच्या खुर्चीवर एक आजी होत्या, कागल भागातल्या. त्यांना कसल्याशा अभ्यासात सामील करून घ्यायचं होतं. संशोधनाचं काम बघणारी तरुण बाई संमतिपत्र मराठीत वाचून दाखवत होती, पान पान. आजींना लिहिता-वाचता येत नव्हतं. अशा वेळी त्या अभ्यासाशी संबंध नसलेला साक्षीदार लागतो, त्याने सगळं ऐकायचं, मग रुग्णाचा अंगठा आणि साक्षीदाराची सही. आजींसोबत आलेला नातू खाली चहाला गेलेला. त्या बाईने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, होतो साक्षीदार.

आजींनी दोन प्रश्न विचारले. पैसे पडणार काय, आणि मधेच नको वाटलं तर सोडता येतंय काय. उत्तरं मिळाली, नाही आणि हो. मग निळ्या शाईच्या डबीत अंगठा बुडवून त्यांनी कागदावर उठवला. स्वच्छ, भरीव, शंख-चक्र मोजावीत असा. त्यांचा उपचार अजून सुरू व्हायचा होता. मी खाली सही करायला पेन धरलं, तर बोटांना पेन नीट कळेना. ऑक्झालिप्लॅटिनने बोटांचे शेंडे बधिर झाले होते. सही झाली, पण माझी म्हणावी अशी नाही.

सलाईन उतरत असताना ती संशोधनवाली बाई बोलत बसली. औषध कंपन्यांच्या काही चाचण्यांत धडधाकट माणसं पैसे घेऊन भाग घेतात, आणि एकच माणूस एकाच वेळी दोन ठिकाणी औषध खाऊ नये म्हणून तिथे बोटांचे ठसे घेऊन नोंद तपासतात, असं तिने सांगितलं. मला ते पटलं. दोन औषधं एकाच रक्तात भेटली तर जिवावर बेतायचं. तिथे अंगठा माणसाला राखतो. मी तिला विचारलं, मग ज्या चाचणीत माझी ही गोळी असेल तिथे काय करता? तिने वही काढली आणि प्रश्न लिहून घेतला.

त्या बाईमुळेच कळलं की इंग्रज सरकारच्या कामात हाताचा ठसा घ्यायला सुरुवात झाली ती आपल्याकडेच. बंगालात विल्यम हर्षेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८५८ मध्ये एका कंत्राटदाराच्या, राज्यधर कोनाईच्या, तळहाताचा ठसा करारावर घेतला. पुढे १८७७ मध्ये हुगळीला तो पेन्शनरांच्याही बोटांचे ठसे घेऊ लागला, कारण मेलेल्यांच्या नावाने पेन्शन उचलली जात होती. दीडशे वर्षं होत आली, पेन्शनरवरचा संशय काही गेला नाही. हयातीचा दाखला मीही दर नोव्हेंबरला देतो.

त्या नोव्हेंबरात बँकेत गेलो. डिजिटल दाखल्याला अंगठा मागतात. साहेबांना तळवे दाखवले तर म्हणाले, "मग रजिस्टरात सही करा, ते चालतं." सही केली. त्यांनी चष्मा वर करून जुन्या नमुन्याशी ताडून बघितली. "गुरुजी, ही जुळत नाही हो."

मी समोर उभा होतो. श्वास चालू होता. साहेब माझ्या धाकट्या मुलाचे वर्गमित्र, पहिलीत माझ्याच हाताखाली अ-आ-इ गिरवलेले.

शेवटी त्यांनी दाखला घेतला, पण शेरा मारला, "सहीचा नवीन नमुना द्यावा."

त्याच आठवड्यात, २० तारखेला, विधानसभेचं मतदान होतं. सातवी फेरी दोनच दिवसांपूर्वी झालेली, तरी गेलो. बोटाला लावलेली शाई कातडीवरून चार दिवसांत पापुद्र्याबरोबर निघून गेली, नखावरची तेवढी राहिली. अर्थात दुसऱ्यांदा मत द्यायला जाण्याएवढं अंगात बळ नव्हतं.

नव्वदच्या सुमारास सिंधुदुर्गात संपूर्ण साक्षरता अभियान झालं, तेव्हा मी आमच्या वाडीचा वर्ग चालवायचो. रात्री नऊला, कंदील लावून, देवळाच्या सभामंडपात. बाया दिवसभर राबून यायच्या, पेंगायच्या, पण सही शिकायची हौस दांडगी. ज्या दिवशी पहिली सही जमली त्या दिवशी एकीने पाटी घरी नेऊन देवाजवळ ठेवली होती. ती आता सत्तरीच्या पुढे आहे. डिसेंबरात रेशन दुकानावर भेटली. पॉस मशीनवर तिचा अंगठा दोनदा नापास झाला होता. भात झोडून, भांडी घासून झिजलेला अंगठा, त्याला कसलंच औषध लागलं नव्हतं. मला बघून म्हणाली, "गुरुजी, तुमी सही शिकयलात, आता हे परत अंगठोच मागतत. मी सही करतंय म्हटलंय तर आयकणत नाय." दुकानदाराने तिसऱ्यांदा प्रयत्न केला, यंत्राने घेतला, तांदूळ मिळाले. मी तिला उत्तर दिलं नाही. काय देणार?

शेवटची गोळी घेतली ती डिसेंबर उतरता उतरता. जानेवारीच्या अखेरीस पोस्टमन दुसऱ्याच कुणाच्या कामाला वाडीत आले होते, त्यांना मीच हाक मारली. पडवीत यंत्र काढलं. अंगठा ठेवला. पहिल्याच खेपेला हिरवं. त्यांनी यंत्र वर धरून मोठ्याने गाऱ्हाण्यातला "होय म्हाराजा!" केला, तेव्हा शेजारची दोन माणसं काय झालं म्हणून धावत आली.

कोल्हापूरला तपासणीसाठी गेलो तेव्हा डॉक्टरांच्या टेबलावर छापील चिठ्ठ्यांचा गठ्ठा होता. "सदर रुग्ण कॅपेसिटाबिन हे औषध घेत असल्याने बोटांचे ठसे उमटण्यास अडचण येऊ शकते. पर्यायी पद्धतीने ओळख पटवावी." खाली शिक्का. गोळ्या सुरू करायच्या दिवशीच हातात देतात आणि सोबत विचारतात, आधारला मोबाईल चालू आहे का. एक माझ्यासाठी मागून घेतली. आता तिचा उपयोग नाही, पण मी ती आधारच्या पाकिटात ठेवली आहे.

बोटांचा बधिरपणा मात्र अजून पुरता गेलेला नाही. वर्ष-दीड वर्ष लागेल म्हणतात. बँकेला सहीचा नमुना द्यायचा राहिलाय. हिने दुकानातून दुरेघी वही आणली आहे, रोज संध्याकाळी एक पान भरतो.